कुठली झडप बसवायची, हे ठरवताना

सर्जननी कोरा कागद पुढे ओढला, त्यावर दोन गोल काढले, एकात दोन पाकळ्या आणि दुसऱ्यात तीन, आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, ‘जुओ भाई, कयो वाल्व नाखवो ए तमारेय नक्की करवानुं छे.’ चीर कुठे द्यायची, टाके कसे घालायचे, हे त्यांचं काम. पण माझ्या हृदयात कुठली झडप बसवायची हे मलाही ठरवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आम्हाला थोडा वेळ दिला. फार नाही, कारण फार वेळ उरलाच नव्हता. झडपेच्या आजाराबद्दल माणसं भेटली की ऑपरेशनबद्दल विचारतात. दुखलं का, किती तास चाललं, खर्च किती आला. या निवडीबद्दल कुणी विचारत नाही. ऑपरेशन एका दिवसात होऊन जातं, निवडलेली झडप मात्र रोज आपल्याबरोबर असते. म्हणून हे लिहितो आहे.

मी बडोद्याचा. आजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात इथे नोकरीला आले, दांडिया बाजारात राहिले. आम्ही आता कारेलीबागेत राहतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आयुष्यभर औद्योगिक व्हॉल्व्हच्या तपासणीचं काम केलं. सीट नीट बसते का, गळती किती, दाब किती सोसतो, हे बघणं माझं काम. त्यामुळे डॉक्टर जे बोलत होते ते मला इतरांपेक्षा जरा लवकर कळत होतं, आणि प्रश्नही जास्त पडत होते.

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते तिला तीन पाकळ्या असायला हव्यात. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच. शंभरातल्या एखाद-दोन माणसांत असं असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मला तो लागला तो कारखान्याच्या वार्षिक तपासणीत, छातीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले तेव्हा. मग दरवर्षी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा, रिपोर्ट फाइलला लावायचा, असं कितीतरी वर्षं चाललं. दोन पाकळ्यांवर तीन पाकळ्यांचं काम पडलं की त्या लवकर झिजतात, त्यांच्यावर कॅल्शियम साचतं, त्या दगडासारख्या कडक होतात. साधारण माणसाची झडप साठी-सत्तरीनंतर ज्या अवस्थेला जाते तिथे अशी झडप पन्नाशीतच पोचते.

मी चोपन्न वर्षांचा असताना आम्ही पावागडला गेलो. रोपवेने गेलं तरी वर कालिकामातेच्या देवळापर्यंत पायऱ्या उरतातच. त्यातल्या अर्ध्याही चढलो नसेन, छाती आवळून आली आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. कठड्याला धरून बसलो. बायको म्हणाली, ‘अहो, घाम बघा किती आलाय तुम्हाला.’ दोन मिनिटांत बरं वाटलं. उतरताना तर काहीच झालं नाही. पण त्यानंतर जिन्याचा दुसरा मजला जड जायला लागला.

एको झाला. निरोगी झडप उघडते तेव्हा तिचं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटरचं असतं. माझं 0.8 होतं. झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक पाऱ्याचे 52 मिलिमीटर. चाळीसच्या वर गेला की आजार तीव्र धरतात. रक्त त्या फटीतून सेकंदाला 4.6 मीटर वेगाने बाहेर पडत होतं. हे आकडे वाचताना मला डॉक्टरांनी काही समजावण्याची गरज पडली नाही. एवढ्या दाबफरकाचा व्हॉल्व्ह मी कधी पास केला नसता.

नातेवाइकांनी आपापल्या परीने मदत केली. कुणी अर्जुनारिष्ट सुचवलं, कुणी लसणाचा काढा. आयुर्वेदावर माझा राग नाही, पण कडक झालेली पाकळी औषधाने मऊ होत नाही. कुठल्याच पॅथीच्या नाही. गोळ्यांनी धाप थोडी कमी करता येते, झडप उघडता येत नाही. आणि या आजाराचा स्वभाव असा की वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि त्रास सुरू झाला की मग थांबत नाही. धाप, छातीत दुखणं, भोवळ, यातलं काही सुरू झाल्यावरही झडप बदलली नाही तर पुढचं आयुष्य सरासरी दोन-तीन वर्षांचं राहतं. हे कळल्यावर ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणायचा धीर झाला नाही. (ऑपरेशन दिवाळीनंतरच झालं, पण ते तारखेमुळे.)

आणखी एक. निम्म्या लोकांना वाटतं की हे बायपास आहे. बायपास हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचं असतं. माझ्या मनगटातून अँजिओग्राफी केली तेव्हा त्या वाहिन्या स्वच्छ निघाल्या. वाहिन्या ठणठणीत असूनही झडप बिघडू शकते, म्हणूनच ‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य ऐकून कुणी घरी जाऊ नये.

तर, पर्याय. महाधमनीची कॅल्शियम साचलेली झडप दुरुस्त करणं बहुधा जमत नाही, ती बदलावीच लागते. फुग्याने उघडून पाहता येते का, असं मी विचारलं. मोठ्या माणसात ती काही महिन्यांत पुन्हा आवळते, म्हणून तो तात्पुरता उपाय. एक रॉस ऑपरेशन असतं, 1967 साली डोनाल्ड रॉस यांनी सुरू केलेलं. त्यात माणसाची स्वतःचीच फुफ्फुसधमनीची झडप काढून महाधमनीच्या जागी बसवतात आणि तिच्या जागी दात्याची घालतात. माझ्या वयाला आणि माझ्या झडपेला ते त्यांना योग्य वाटलं नाही. त्यावर आमचं फार बोलणं झालं नाही.

टावीबद्दल, म्हणजे नळीतून झडप बसवण्याबद्दल, मात्र बरंच बोलणं झालं, कारण छाती न उघडता काम होत असेल तर कुणाला नको? आमच्या सोसायटीतल्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आजींची झडप तशीच बदलली होती. मांडीच्या धमनीतून नळी घालायची, दुमडलेली झडप हृदयापर्यंत न्यायची आणि जुन्या झडपेच्या आतच उलगडायची. आलाँ क्रिबिए यांनी 2002 साली फ्रान्समध्ये हे पहिल्यांदा माणसावर केलं, आणि आज आपल्या गुजरातमध्ये वापीलाही अशी झडप तयार होते. आजी चार दिवसांत घरी आल्या होत्या. मी सर्जनना स्पष्टच विचारलं, मग मला का नाही? त्यांनी माझं सीटी स्कॅन स्क्रीनवर लावलं. माझ्या दोन पाकळ्यांवर कॅल्शियमचे ढेकूळ एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. अशा वेड्यावाकड्या तोंडात आतून झडप उलगडली तर ती सगळीकडून घट्ट बसेलच असं नाही. कडेने गळती राहते, कधी पेसमेकर लागतो. शिवाय टावीची झडपही जनावराच्या ऊतीचीच असते, म्हणजे तिलाही मुदत असते. ऐंशीव्या वर्षी ती मुदत पुरेशी असते, चोपन्नाव्या वर्षी पुरेशी नसते. सीटवर बसणारा भाग जर गोल नसेल तर गळती होणार, हे मला पटायला वेळ लागला नाही.

उरल्या दोन. एक जैविक, म्हणजे गाईगुरांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली. दुसरी यांत्रिक, म्हणजे खास प्रकारच्या कार्बनच्या दोन अर्धगोल पाकळ्यांची. जैविक झडपेला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही, पण ती दहा ते पंधरा वर्षं टिकते, आणि माणूस जितका तरुण तितकी ती लवकर कडक होते. यांत्रिक झडप झिजत नाही म्हटलं तरी चालेल, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून गोळी रोज, शेवटपर्यंत. म्हणजे एका बाजूला दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता आणि दुसऱ्या बाजूला रोजची गोळी, रक्तस्रावाची धास्ती, महिन्याची तपासणी. गोळी घेऊनही गुठळीचा आणि रक्तस्रावाचा थोडा धोका दरवर्षी राहतोच, हे त्यांनी लपवलं नाही. ही प्रामाणिकता मला फार मोलाची वाटली.

घरी आईने विचारलं, ‘जनावराची म्हणजे कुठल्या जनावराची?’ मी सांगितलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिचे सगळे सोवळे-उपास अजून चालू आहेत. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘माझा विचार करू नकोस. तुझ्या मनाला पटतंय का, तेवढं बघ.’ अनेक घरांत हा प्रश्न मनात असतो आणि डॉक्टरांसमोर तोंडातून निघत नाही. तो विचारावा. आमच्या सर्जननी तो अगदी सहज ऐकून घेतला आणि झडप कशाची आहे ते नीट सांगितलं.

बायको ठामपणे जैविक झडपेच्या बाजूने होती. तिची ग्वाल्हेरची मावशी रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होती. ती घसरून पडली, डोक्याला मार लागला आणि आत रक्तस्राव होऊन गेली. ‘तुमच्या हाताला कारखान्यात रोज काही ना काही लागतं,’ ती म्हणत होती. ते खरं होतं. मशिनिंग केलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात. मी म्हणत होतो की अडुसष्ट-सत्तराव्या वर्षी पुन्हा छाती उघडून घ्यायची माझी तयारी नाही. दोघांचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. आम्ही अहमदाबादला जाऊन दुसऱ्या एका सर्जनचं मतही घेतलं. ते घेतल्याबद्दल पहिल्या सर्जनना राग आला नाही. उलट त्यांनी सीटीची सीडी स्वतःहून दिली.

निकाल लागला तो एका मापाने. मी उंचीने लहान, आणि झडप जिथे शिवतात ते कडंही माझं अरुंद. बायको म्हणत होती की जैविक बसवू, पुढे खराब झाली तर तिच्या आत टावीची घालता येईल. असं करतातही. पण अरुंद कड्यात एक झडप, आणि तिच्या आत आणखी एक बसवली तर रक्ताला वाट किती उरणार? सर्जननी आकडा सांगण्याआधीच मला उत्तर कळलं होतं. पाइपात पाइप घातला की बोअर कमी होतोच. हे मी बायकोला घरच्या ग्लास आणि वाटीने दाखवलं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मग तपासणीला दर वेळी मी बरोबर येणार.’ तिथे आमचं ठरलं.

सर्जननी शेवटी मला जे विचारलं ते प्रश्न इथे सांगतो, कारण यांत्रिक झडप घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःला ते विचारावेत असं मला वाटतं. घराजवळ विश्वासाची लॅब आहे का? रोज एका ठरावीक वेळी गोळी घ्यायची शिस्त आहे का? दारू पिता का? गुडघेदुखीसाठी दुकानातून पेनकिलर आणून खाता का? कामाची जागा बदलता येईल का? मी कारखान्यात सांगून शॉप फ्लोअरवरून कागदपत्रांच्या तपासणीकडे बदली मागितली होती आणि ती मिळाली होती. शेतावर राहणाऱ्या, लॅबपासून पन्नास किलोमीटर दूर असलेल्या माझ्याच वयाच्या माणसाचं उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि ते बरोबर असेल.

मनातून मला आपल्या देशातली चित्रा झडप हवी होती. तिच्याबद्दल मी वर्षांपूर्वी वाचलं होतं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन या हृदयशल्यविशारदाने इंजिनिअरांना बरोबर घेऊन ती तयार केली, कारण परदेशी झडप आपल्या गरीब रुग्णाला परवडत नव्हती. आधीचे तीन नमुने चाचण्यांत फसले. चौथ्यात कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिशय जास्त रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची एकच कलणारी चकती, आणि ती टिकली. डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या रुग्णाला बसवली, आणि तेव्हापासून एक लाखाहून जास्त माणसांच्या छातीत ती चालली आहे. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडकतं, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. एवढी आवर्तनं सोसणारी चकती तीन वेळा फसल्यावर चौथ्यांदा करून दाखवणं म्हणजे काय, हे तपासणीत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारावं. माझ्या अरुंद कड्यात दोन पाकळ्यांच्या झडपेतून रक्ताला जास्त वाट मिळेल असं सर्जनचं मत पडलं, म्हणून ती बसवली. पण चित्राबद्दल मला अभिमान आहे, तो आहेच.

तयारीत दातांची तपासणी आली, याचं सगळ्यांना नवल वाटतं. तोंडातले जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर घर करू शकतात, म्हणून किडलेली दाढ आधी काढली. महाधमनीचा फुगवटा मोजला. दोन पाकळ्यांच्या झडपेबरोबर धमनीही रुंदावलेली असू शकते. माझी 41 मिलिमीटर निघाली. 45 च्या वर असती तर तिचा तो भागही त्याच ऑपरेशनमध्ये बदलायचा विचार झाला असता. रक्त देण्यासाठी कारखान्यातली पोरं आली. छोट्या चिरेचा पर्याय होता, पण कडं वाढवायची वेळ आली तर जागा हवी म्हणून छातीचं हाड पूर्ण उघडायचं ठरलं. धोका किती, असं मुलाने विचारलं. शंभरात एक-दोन, असं उत्तर मिळालं.

ऑपरेशनबद्दल मला स्वतःला काहीच सांगता येणार नाही. हृदय थांबवून, थंड करून, तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवतात, जुनी झडप कापून काढतात आणि नवी टाक्यांनी शिवतात. मला आठवतो तो आयसीयू. घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, आणि हात पलंगाला सैल बांधलेले. कुणीतरी गुजरातीत माझं नाव घेऊन म्हणत होतं की सगळं छान झालं आहे, नळी ओढू नका. तहान इतकी होती की नर्सने ओल्या कापसाचा बोळा ओठांवरून फिरवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नळी काढल्यावर पहिल्यांदा खोकलो तेव्हा हाडाचं दुखणं कळलं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची असते. ती उशी मग घरी येईपर्यंत सुटली नाही. तीन छोट्या चेंडूंचं ते फुंकायचं, खरं तर श्वास आत ओढायचं खेळणं मिळतं, त्याचा कंटाळा करू नये. फुफ्फुसं त्यानेच उघडतात.

नंतर एका पहाटे नाडी एकदम बेताल झाली. मी घाबरलो, पण तिथल्या डॉक्टरांना त्याचं नवल नव्हतं. अशा ऑपरेशननंतर तीन-चार जणांमागे एखाद्याला पहिल्या काही दिवसांत असं होतंच. शिरेतून औषध दिलं, दुसऱ्या दिवशी ताल जागेवर आला. हे आधी कुणी सांगितलेलं असेल तर घरच्यांची एक रात्र वाचते, म्हणून सांगतो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर छोटा उदेपूरकडची बावीस वर्षांची मुलगी होती. तिचा आजार माझ्यासारखा जन्माचा नव्हता. लहानपणी घसा येऊन मग सांधे सुजले होते, तो संधिज्वर. सांधे बरे झाले आणि हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप कायमची बिघडली. आपल्या देशात तरुण माणसांच्या झडपा अजूनही सगळ्यात जास्त याच कारणाने जातात. घशाच्या दुखण्यावर वेळेत पेनिसिलिन मिळालं, आणि संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी ते इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं, तर हे टळतं. इतकं स्वस्त औषध आहे ते. तिची झडप दुरुस्त करायचा आधी प्रयत्न झाला होता, कारण त्या जागची झडप दुरुस्त होत असेल तर तेच उत्तम. पण ती फार जाड झाली होती. मग बदलली, आणि जैविक बसवली. तिचं लग्न ठरलेलं होतं. रक्त पातळ करणारी ही गोळी गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळाला अपाय करू शकते. इतक्या तरुण वयात जैविक झडप लवकर खराब होणार आणि पुन्हा ऑपरेशन लागणार, हे तिच्या वडिलांना माहीत होतं. सरकारी कार्डावर सगळा खर्च झाला होता. गुजरातमध्ये त्या कार्डाची मर्यादा जुलै 2023 पासून दहा लाखांची आहे. वडील मला म्हणाले, ‘तमारी तो कायमनी छे ने?’ मी हो म्हणालो. तिची का नाही, हे त्यांना पुरतं समजलेलं होतं. तरी विचारताना त्यांचा आवाज हलला. त्या मुलीला पुढे नीट डॉक्टर मिळोत, हे मी अजूनही देवापाशी मागतो.

घरी आल्यावर जखम भरत होती, पण मन खचलं. काही कारण नसताना रडू यायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या तरी रडू यायचं. हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळ जणांना असं होतं आणि पुरुष ते सांगत नाहीत. मी बायकोला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सकाळी चालायला लावलं. मुलगा गाडीने कमाटीबागेत सोडायचा, आधी फुलांच्या घड्याळापर्यंत, मग त्याच्यापुढे. हाड जुळेपर्यंत दोन महिने वजन उचलायचं नाही, ॲक्टिव्हा चालवायची नाही, उठताना हातावर भार द्यायचा नाही, कुशीवर वळून मग बसायचं. हळूहळू मन ताळ्यावर आलं.

झडपेचा आवाज येतो, हे खरं आहे. रात्री सगळं शांत झालं की बारीक टिकटिक. पहिल्या रात्री बायकोला झोप लागली नाही, आता ती म्हणते की तो आवाज आला नाही तर झोप लागणार नाही.

आणि आता ती गोळी. रोज रात्री नऊला. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, आयएनआर, माझ्या झडपेसाठी 2 ते 3 च्या मध्ये ठेवायचा. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. ही गोळी व्हिटॅमिन केच्या विरुद्ध काम करते, आणि ते व्हिटॅमिन हिरव्या पालेभाजीत भरपूर असतं. लोक म्हणतात, पालेभाजी बंद करा. बंद करायची नाही, रोज साधारण सारखी खायची, म्हणजे गोळीचं प्रमाण त्या हिशोबाने बसतं.

हे बडोद्यात पाळणं सोपं नाही, कारण उत्तरायणाला इथे उंधियू असतं. सुरती पापडी, मेथीचे मुठिये, मूठमूठ कोथिंबीर, हिरवा लसूण. शेजारच्या बेननी डबाभर पाठवलं, आम्ही घरीही केलं, आणि संक्रांत संपल्यावर पुढेही ते होतच राहिलं. त्या महिन्यात आकडा 1.6 आला. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली आणि लगेच पुन्हा तपासायला सांगितलं. उंधियू सोडायला सांगितलं नाही, वाटीचं माप ठरवून दिलं.

याच्या उलट झालं ऑगस्ट 2024 मध्ये. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, पुराचं पाणी 35 च्या वर गेलं. सोसायटीच्या तळमजल्यात पाणी, वीज नाही, लॅब बंद, भाजीवाला येण्याचा प्रश्नच नव्हता. गोळ्यांच्या जादा पट्ट्या मी वरच्या कपाटात ठेवतो, त्यामुळे गोळी एकदाही चुकली नाही. पण सगळे दिवस नुसता वरणभात आणि बटाटा. पाणी उतरल्यावर रक्त दिलं तर आकडा 3.8. हिरवी भाजी बंद झाली आणि गोळीचा जोर वाढला. दात घासताना हिरड्यांतून थोडं रक्त येत होतं ते यामुळेच. एखादी गोळी वगळून आकडा खाली आणला. तेव्हापासून ताप, जुलाब, उपास, दुसऱ्या आजाराची अँटिबायोटिक, कुणी दिलेली जडीबुटी, यातलं काहीही झालं की मी पुढच्या तारखेची वाट न पाहता रक्त तपासतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, दुसरी पेनकिलर नाही. स्नायूत इंजेक्शन घेत नाही. दाताच्या कामाआधी तासभर अँटिबायोटिक घेतो. पाकिटात कार्ड आहे: झडपेचा प्रकार, माप, गोळीचं नाव. नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ज्यांना महिन्याची तपासणी लागत नाही, त्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची चाचणी झाली होती, पण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. कुणी केमिस्ट ‘नवीन आली आहे, तपासणी नको’ म्हणून बदलून देत असेल तर घेऊ नये.

दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालू शकते, म्हणून सर्जननी सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा एको करायला सांगितलं होतं. मुलाच्या तिन्ही पाकळ्या आहेत. धाकट्या भावाने मात्र टाळाटाळ केली. ‘दादा, मला काही होत नाही,’ एवढंच. मीही पावागडच्या आदल्या दिवशी तेच म्हटलं असतं. शेवटी वहिनीचं ऐकून त्याने इंदूरला एको केला. त्याच्याही झडपेला दोनच पाकळ्या आहेत. दाबातला फरक सध्या 18, म्हणजे आजार सौम्य आहे. गोळी काही नाही, दातांची काळजी घ्यायची, रक्तदाब आटोक्यात ठेवायचा आणि ठरल्या वेळी एको करत राहायचा. तो माझ्याहून चार बोटं उंच आहे, कडंही त्याचं मोठं असेल. वेळ आली तर त्याचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येऊ शकेल, हे मी त्याला फोनवर सांगितलं. माझी फाइल त्याला पाठवली आहे, आणि सर्जननी मला विचारलेले ते प्रश्नही.